चौऱ्याऐंशी नंबर

तिचा चेहरा मला ठाऊक नाही.
पापण्या ठाऊक आहेत.

अंतोफगास्तात, समुद्रासमोरच्या इमारतीत,
खिडकी नसलेल्या खोलीत मी बसतो.
समोर सोळा पडदे, प्रत्येकात दोन डोळे,
इन्फ्रारेडच्या राखाडी उजेडात.
दोनशे किलोमीटर दूर, वाळवंटाच्या पोटात,
तीनशे टन दगड पाठीवर घेऊन
ते डोळे खाणीची चढण चढत असतात
आणि मी बघतो, कोण मिटतंय.

ट्रक चौऱ्याऐंशी : यास्ना कोल्के, कलामा.
हिची डावी पापणी उजवीच्या किंचित आधी उतरते.
दीड सेकंद झाला की तिची सीट थरथरते,
माझ्या टेबलावर पिवळा दिवा लागतो.
"चौऱ्याऐंशी, जागी का?"
"जागी. धूळ गेली डोळ्यात."
काचा बंद, एसी चालू, धूळ कुठून येणार?
तीन वेळा पेंग लिहिली
की रात्रीचा भत्ता जातो.
मी वहीत लिहितो : धूळ.

पहाटेचे चार ही वेळच वैऱ्याची.
अंगातली ऊब ओहोटीसारखी मागे सरते,
पोट दुकान बंद करून बसलेलं असतं
आणि नेमकी तेव्हाच कॅन्टीनमधून
तेलकट एम्पानादा येते, दोन चमचे साखरेची कॉफी येते.
खातो. दुसरं करायला काय असतं?

डॉक्टर ओसांदोन विचारते, किती तास झोपता?
मी म्हणतो, कुठल्या आठवड्यात?
ती हसत नाही. रक्तदाब लिहिते, साखर लिहिते,
वजनाच्या आकड्याखाली रेघ ओढते.
तेरा वर्षं झाली, आता सवय झाली, मी म्हणतो.
"तुम्हाला झाली," ती म्हणते,
"शरीराला कुणी विचारलंय?"

रात्रीचा दिवस करता येतो, त्याचा पगार मिळतो.
दिवसाची रात्र मात्र घरच्यांना करावी लागते, फुकट.
ब्रुनिल्दा खिडक्यांना चांदीचा कागद चिकटवते,
कुकरची शिट्टी हाताने उचलून धरते.
मैते सहा वर्षांची असल्यापासून
नाक दाबून शिंकते.
इतकं करून दहा वाजता गॅसवाला येतो
आणि पान्ह्याने सिलिंडर बडवत
अख्ख्या गल्लीला सांगतो की दिवस आहे.
मी कागदाच्या भोकातून आलेला
उन्हाचा एक ठिपका बघत पडतो.
तो भिंतीवरून कपाटावर जातो,
कपाटावरून माझ्या पायावर.

माझे डोळे बघणारा कॅमेरा नाही.

जूनमधली रात्र. चार दहा असावेत, नंतर मोजले.
रेडिओ खरखरला :
"कंट्रोल?"
मग पुन्हा, सावकाश, जणू लहान मुलाला उठवावं तसं,
"कंट्रोल, जागे का?"

हनुवटी छातीवर होती, लाळ बाहीवर.
पिवळा दिवा लागलेला होता,
कधीपासून कोण जाणे.
तिची सीट थरथरली होती
आणि कुणीच विचारलं नव्हतं.

"जागा," मी म्हणालो. "धूळ गेली डोळ्यात."

थोडा वेळ नुसतं इंजिन ऐकू आलं.
समुद्राकाठी कसली धूळ, असं ती म्हणू शकली असती.
म्हणाली, "इथेही आज फार आहे."
पडद्यावर तिचे डोळे सताड उघडे,
थेट कॅमेऱ्यात,
माझ्याकडे पहिल्यांदाच बघत असल्यासारखे.
मग रस्त्याकडे वळले.

वही काढली. बराच वेळ पेन टेकवून बसलो.

सकाळी बाहेर आलो तेव्हा मासळी बाजाराच्या छपरावर
पेलिकन पंखात चोच खुपसून झोपले होते,
भर उजेडात, माणसांच्या गोंगाटात, खुशाल.
मी बस चुकवली त्यांच्याकडे बघत.

घरी दारात मैतेचे बूट नव्हते, म्हणजे शाळेत गेली.
साडेआठ वाजले होते.
गॅसवाला यायला अजून दीड तास.
तेवढ्यात जमलं तर.